चार बोटांचं एकत्र कुटुंब

अर्विड तोस्टरूडला गाडी चालवायचा परवाना मे महिन्यात परत मिळाला. हे आपल्याला ठाऊक नाही असं धरून चालू. कारण आत्ता नोव्हेंबर आहे, परवाना अजून त्याच्या पाकिटातच आहे, आणि अंड्याच्या कॉफीचा थर्मास दोन मांड्यांत दाबून तो टॅमरॅक गावाबाहेरच्या रस्त्यावरून पिकअप हाकतो आहे.

थर्मासचं झाकण गळकं होतं. नवा घ्यावा असं त्याच्या मनात दोन वर्षं होतं. कॉफी व्हर्नासाठी होती. व्हर्ना म्हणजे त्याची बायको. ती बर्च लेक गावातल्या, वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये होती. पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तिची डावी बाजू गेली. जीभ बहुधा उजव्या बाजूला मोडत असावी, कारण ती शाबूत राहिली. तिथल्या कॉफीला ती ‘गरम पाण्याची अफवा’ म्हणायची. म्हणून अर्विड रोज सकाळी कॉफीच्या भुकटीत अंडं फोडायचा, उकळायचा, गाळायचा आणि निघायचा.

वळणापलीकडे समोरून स्कूल बस आली आणि थांबली. तांबडे दिवे लुकलुकायला लागले, बसच्या बगलेतून लाल पाटी बाहेर आली. पाटी आत जाईपर्यंत दोन्हीकडच्या गाड्यांनी थांबायचं, असा तिथला कायदा. अर्विडही थांबला. बसच्या काचेमागे मार्लिस होती. टॅमरॅकमधल्या निम्म्या लोकांना तिनेच शाळेत पोचवलं होतं आणि आता त्यांच्या पोरांना पोचवत होती. तिने अर्विडला पाहिलं आणि हात वर केला.

अर्विडने मान डोलावली आणि गाडी पुढे काढली.

इथे हाताचं जरा सांगायला हवं. टॅमरॅकमध्ये समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची तर्जनी उचलायची. एकच बोट, तेही जेमतेम. ओळख असो वा नसो. नाही उचललं तर संध्याकाळपर्यंत लोक विचारायला लागतात, घरी सगळं ठीक आहे ना. आणि ‘जा तुम्ही आधी’ म्हणायचं असेल तर अख्खा पंजा उचलायचा. चौकात चारी बाजूंनी एकदम गाड्या आल्या की चौघेही पंजे उचलून बसतात. बियाणंवाला लायल एकदा अशा चौकात अडकला आणि दाताच्या डॉक्टरांची वेळ हुकवून घरी परतला. त्याने कुणालाही दोष दिला नाही. उलट, सगळेच किती चांगले वागले, असं तो आजही सांगतो.

त्या सकाळी पहिली कडाक्याची थंडी पडली होती. मार्लिसने पेटीतून लोकरीचे हातमोजे काढले होते. ते पिशवीसारखे होते: अंगठा वेगळा निघालेला आणि बाकीची चार बोटं एकत्र कुटुंबात. तिने उचललं बोटच. वर गेला पंजा.

मग बसचा भोंगा वाजला. बसच्या पुढून रस्ता ओलांडायला निघालेली इंगा ओडेगार्ड जागच्या जागी थिजली, तिच्या हातातला डबा उडाला, आणि अर्विडचं पुढचं चाक त्याच्यावरून गेलं. ‘कच्च’ असा आवाज झाला. तो आवाज कशाचा हे कळेपर्यंत अर्विडच्या आयुष्यातला सगळ्यात लांब काळ गेला. दार उघडून तो उतरला. तो रस्त्यावरच बसला. मांड्यांवरून कॉफी वाहत होती आणि त्याला ती गरम लागत नव्हती.

इंगा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. ती पहिलीत होती आणि तिचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते.

“तुम्ही माझा डबा मारलात,” ती म्हणाली.

अर्विडने तिच्याकडे पाहिलं. दोन हात, दोन पाय, टोपी. त्याने पुन्हा पाहिलं. सगळं होतं.

“थँक यू,” तो म्हणाला.

इंगाला हे उत्तर पटलं नाही, आणि तिने तसं सांगितलंही.

*

कोर्टात डबा पुरावा म्हणून टेबलावर ठेवला होता. तो इतका चपटा झाला होता की त्यावरचा घोडा आता मासा दिसत होता. आतलं सँडविच काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा पुराव्याला हात लावायची कुणाची हिंमत झाली नव्हती. पहिल्या बाकावर इंगा आणि तिची आई टेसा बसल्या होत्या. टेसा टर्की पक्ष्यांच्या फार्मवर काम करायची आणि तशीच बूट घालून आली होती. ती अर्विडकडे एकदाही पाहत नव्हती. न पाहण्यात तिची मान अवघडली होती.

न्यायाधीश होल्मक्विस्टांनी बसच्या कॅमेऱ्याची फीत पाहिली.

“तुम्ही थांबला होतात,” ते म्हणाले. “मग निघालात का?”

अर्विडने हातातली टोपी कडेने फिरवली.

“बसच्या चालकाने काही खूण केली का? या कॅमेऱ्यात तिचा हात येत नाही, म्हणून विचारतो.”

मागच्या बाकावर मार्लिस अर्धवट उठली. तिच्या मांडीवर ते हातमोजे होते. लाल पाटी बाहेर असताना कुणाला पुढे जायची खूण केली, एवढं जरी तिच्या नावावर लागलं असतं, तर तिला पुन्हा बसमध्ये पाय ठेवता आला नसता. आणि बस सोडून मार्लिसला दुसरं काही येत नव्हतं, हे कोर्टातल्या झाडून सगळ्यांना माहीत होतं.

“नाही,” अर्विड म्हणाला. “कॉफी सांडत होती.”

“कॉफी?”

“अंड्याची.”

होल्मक्विस्टांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या आईच्या हातची तशी कॉफी त्यांनी पुष्कळ प्यायली असणार.

“आणखी काही सांगायचंय?”

“चूक माझीच आहे,” अर्विड म्हणाला. “पोरीला काही झालं नाही. त्याबद्दल मी आभारी आहे.”

“कुणाचे?”

अर्विडने छताकडे पाहिलं, मग कारकुनाकडे, मग चपट्या डब्याकडे.

“जे कुणी ते खातं सांभाळत असतील, त्यांचे.”

मार्लिस खाली बसली. परवाना सहा महिन्यांसाठी गेला. कोर्ट उठताना इंगाने हात वर करून विचारलं, डबा कधी मिळेल. अर्विडने तिच्यासाठी नवा आणला होता; त्यावर दोन घोडे होते. तिने तो नम्रपणे नाकारला. चपटा डबा वर्गात दुसऱ्या कुणाकडेच नव्हता.

*

पहिल्या आठवड्यात अर्विडने कुणालाही काही विचारलं नाही. टॅमरॅकमध्ये विचारत नाहीत. घराला आग लागली तर शेजाऱ्याकडे जाऊन ‘आज जरा धूर आहे’ एवढं म्हणतात. पुढचं त्याने ओळखायचं. अर्विडला धूर आहे असंही म्हणवेना. चर्चमध्ये लोकांनी विचारलं, “व्हर्ना कशी आहे?” त्याने दोन वर्षं देत होता तेच उत्तर दिलं: “बरी आहे. तुम्ही मुद्दाम त्रास नका घेऊ.” आणि दोन वर्षं लोक घेत नव्हते, कारण इथे माणसाच्या शब्दाला मान देतात.

सोमवारी त्याने गवत कापायची, वर बसून चालवायची गाडी गॅरेजमधून बाहेर काढली. तिला परवाना लागत नव्हता, किंवा निदान परवाना लागतो असं कुणी त्याला सांगितलं नव्हतं. कानटोपी घातली, थर्मास मांड्यांत दाबला आणि तो बर्च लेकच्या रस्त्याला लागला. बर्फ भुरभुरत होतं. माणूस भराभर चालला असता तर पुढे गेला असता, अशा वेगाने तो निघाला होता.

थोड्या वेळाने मागे कुणीतरी आहे असं त्याला वाटलं. मागे स्कूल बस होती. ती त्याला ओलांडत नव्हती. सगळ्या खिडक्यांतून पोरं बाहेर बघत होती आणि प्रत्येकाने एकेक बोट उचललं होतं. अर्विडनेही उचललं.

बस बाजूला येऊन थांबली, दार उघडलं.

“अर्विड, हे काय चाललंय?” मार्लिसने विचारलं.

“गवत कापायला निघालोय.”

“बर्फ पडतंय.”

“वरच्यावर कापेन.”

मार्लिसने थर्मासकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. तो बर्च लेकपर्यंत सरळ होता आणि फार लांब होता.

“मोठ्या माणसाला बसमध्ये घेता येत नाही मला,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण तो थंडीनेही चिरकला असेल.

“मला कुठे जायचंय? मी गवत कापतोय.”

“घरी जा अर्विड. मी मागे येते तोवर.”

आणि ती त्याच्या मागोमाग घरापर्यंत आली. अख्खी शाळा त्या दिवशी उशिरा भरली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लायलची गाडी अंगणात उभी होती.

“बर्च लेकला चाललोय,” लायल खिडकीतून म्हणाला. “एक स्क्रू आणायचाय.”

“जा की मग.”

“येतोस का? गाडी रिकामीच आहे.”

“नको, तुला उगाच त्रास.”

“त्रास कसला? जातोच आहे.”

“नको रे.”

“बस.”

“बरं, तू म्हणतोसच तर.”

एवढं झाल्याशिवाय इथे कुणी कुणाच्या गाडीत बसत नाही. लगेच बसणाऱ्याला लोक अधाशी म्हणतात.

त्या हिवाळ्यात टॅमरॅकच्या लोकांना बर्च लेकमध्ये इतकं काम निघालं, की त्या गावाला आपण एकदम महत्त्वाचे झाल्यासारखं वाटलं असेल. लायल दर मंगळवारी एक स्क्रू आणायचा. पाद्रीबाईंना तिथल्या वाचनालयात एक पुस्तक परत करायचं होतं. त्या ते दर बुधवारी विसरून परत आणायच्या. ‘तुला सोडायला आलो’ असं कुणीच म्हटलं नाही. अर्विडनेही कुणाला तसं म्हणायची वेळ येऊ दिली नाही. पण प्रत्येकाच्या गाडीतून उतरताना तो दाराला हात लावून क्षणभर उभा राहायचा, घोड्याला थोपटावं तसा.

गुरुवारी एक मळकी व्हॅन आली आणि तिने भोंगा वाजवला. आत टेसा ओडेगार्ड होती.

“बसा,” ती म्हणाली.

“नको, तुम्हाला उगाच—”

“मिस्टर तोस्टरूड, मी तुम्हाला माफबिफ केलेलं नाही. पण तुम्ही माझ्या शेजारच्या सीटवर असलात की रस्त्यावर नसता. मला तेवढं पुरतं. पट्टा लावा.”

अर्विडने पट्टा लावला. मागच्या सीटवर खोक्यात टर्कीची पिलं चिवचिवत होती. बर्च लेक येईपर्यंत तेवढंच संभाषण झालं.

“मी गाडीतच बसते,” पोचल्यावर टेसा म्हणाली. पण व्हॅनचा हीटर बिघडलेला होता. थोड्या वेळाने ती आत आली आणि व्हर्नाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. कोटाच्या आत काहीतरी हलत होतं.

“ही कोण?” व्हर्नाने विचारलं.

“मी इंगाची आई. डब्यावाल्या मुलीची.”

अर्विड कॉफी ओतत होता. त्याने कप भरला, आणि भरल्यावरही ओतत राहिला.

व्हर्नाने टेसाला बुटांपासून केसांपर्यंत न्याहाळलं.

“बस,” ती म्हणाली. “साखरपुड्याच्या दिवशी यानं माझ्या पायाच्या बोटांवरून चाक नेलं होतं. मी याच्याशी लग्न करून सूड उगवला. तू काय ठरवलंयस?”

“दर गुरुवारी गाडीत बसवणार.”

“हे जास्त कडक आहे,” व्हर्ना म्हणाली. “कोटात काय आहे गं?”

कोटात टर्कीचं पिल्लू होतं. ते व्हर्नाच्या उजव्या तळव्यात जाऊन बसलं आणि डोळे मिटून झोपी गेलं. व्हर्ना तो हात न हलवता बराच वेळ बोलत राहिली. फार्मवर पगार कसा, इंगाला नवे दात आले का, नवरा आहे की गेला, गेला तर कुठे. टेसा सगळ्याला उत्तरं देत होती, आणि मध्येच एकदा मोठ्याने हसली. मग तिने घाईने तोंडावर हात ठेवला. आपण इथे हसायला आलो नव्हतो, हे तिला आठवलं असावं. पण पुढच्या गुरुवारी ती इंगाला घेऊन आली. इंगाने व्हर्नाला चपटा डबा हातात घेऊन बघू दिला.

लायलही आता गाडीत थांबेनासा झाला. व्हर्ना त्याच्याशी पत्ते खेळायची आणि डाव्या हाताची सबब सांगून उघड उघड लबाडी करायची. पाद्रीबाई तिला गावातल्या भानगडी सांगायच्या आणि वर म्हणायच्या, हे मी सांगितलं नाही. अर्विड कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकायचा. त्याने पाच पेल्यांचा नवा थर्मास घेतला होता.

“दोन वर्षं रोज येत होतास,” व्हर्ना एकदा त्याला म्हणाली. लायल स्क्रू आणायला गेला होता. “रोज सांगायचास काय? बाहेर थंडी आहे.”

“असायची थंडी.”

“जुलैमध्येसुद्धा?”

अर्विडने विचार केला.

“वाढेल असं वाटायचं,” तो म्हणाला.

व्हर्नाने उजवा हात पुढे केला आणि त्याच्या कोटाचं वरचं बटण एका हाताने लावायचा प्रयत्न केला. ते लागलं नाही. त्यानेही मदत केली नाही. दोघांनाही घाई नव्हती.

शनिवारी मार्लिस यायची, स्वतःच्या छोट्या गाडीतून. ती बडबडी होती, पण अर्विड शेजारी बसला की रस्त्याकडेच बघायची. डिसेंबरातल्या एका शनिवारी अर्विडचं लक्ष स्टिअरिंगवर गेलं. हातमोजे तेच होते, पण उजव्या मोज्याला आता एक बोट फुटलं होतं. वेगळ्या लोकरीचं, जरा वेडंवाकडं विणलेलं, तर्जनीपुरतं.

समोरून एक ट्रक आला. मार्लिसने ते बोट उचललं.

“चांगलं दिसतंय,” अर्विड म्हणाला.

“हो का,” मार्लिस म्हणाली, आणि पुढे पुष्कळ वेळ तिला नाक पुसावं लागलं.

*

मे महिन्यात परवाना परत मिळाला. (आता हे आपल्याला कळलं तरी चालेल.) चर्चमध्ये सगळ्यांनी अर्विडचं अभिनंदन केलं. लायल म्हणाला, बरं झालं बाबा, माझ्याकडे आता पुरेसे स्क्रू झालेत. पाद्रीबाईंनी पुस्तक परत करून टाकलं. अर्विडला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं.

“तुम्ही फार त्रास घेतलात,” तो म्हणाला.

“छे, छे,” सगळे म्हणाले. “जातच होतो.”

सोमवारी तो एकटाच पिकअप घेऊन निघाला. व्हर्ना केस विंचरून, उशीला टेकून बसली होती. उशीजवळ पत्ते पिसून ठेवलेले होते. अर्विड आत आला. तिने त्याच्यामागे दाराकडे पाहिलं.

“आज कुणी आणलं?”

“मीच. परवाना मिळाला.”

“अरे वा,” व्हर्ना म्हणाली.

ती आणखी थोडा वेळ दाराकडे बघत राहिली. मग तिने पत्ते उचलून खणात ठेवायचा प्रयत्न केला. एका हाताने खण उघडेना. अर्विडने उघडून दिला. त्याने पाच पेल्यांच्या थर्मासमधून एक पेला ओतला.

“बाहेर कसंय?” तिने विचारलं.

“थंडी आहे,” अर्विड म्हणाला, आणि दोघांनी खिडकीतून बहरलेल्या लायलॅकच्या झुडपाकडे पाहिलं.

मंगळवारी तेच झालं. बुधवारी व्हर्नाने केस विंचरले नव्हते.

गुरुवारी सकाळी वळणापलीकडे समोरून बस आली. तांबडे दिवे, लाल पाटी. अर्विड थांबला, इतक्या दूर की मार्लिसला डोळे बारीक करून बघावं लागलं. रस्ता मोकळा होता. इंजिन चालू होतं. एकदा, फक्त एकदा, त्याच्या मनात एक हिशेब येऊन गेला: नुसतं हात-दोन हात पुढे, पोरं रस्त्यावर यायच्या आत, कॅमेऱ्यात दिसून परवाना जाण्यापुरतं. तेवढ्यात चपटा डबा छातीशी धरून इंगा झाडांतून पळत आली. अर्विडने ब्रेक इतक्या जोरात दाबून धरला की त्याच्या पायात गोळा आला. मार्लिसने बोट उचललं. हवा उबदार होती, तरी तिने तो मोजा घातला होता. अर्विडनेही बोट उचललं.

बस गेली. त्याने गाडी वळवली आणि तो कोर्टात गेला.

“असा अर्ज नसतो,” खिडकीमागचा कारकून म्हणाला.

“तरी घ्या लिहून.”

“न्यायाधीश मंजूर करणार नाहीत, मिस्टर तोस्टरूड. कुणीच करणार नाही.”

“नको करू देत. तुम्ही लिहा, मी सांगतो.”

कारकुनाने उसासा टाकला आणि लिहायला घेतलं.

“माननीय जिल्हा न्यायालयास सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचा वाहन परवाना जप्त झाल्याच्या काळात अर्जदाराच्या पत्नीस सर्व प्रकारे आराम पडला होता. परवाना परत मिळाल्यापासून तिची प्रकृती पुन्हा ‘बरी आहे’ अशी झाली आहे. ज्याच्याकडे परवाना आहे त्याला टॅमरॅकमध्ये कुणी आपल्या गाडीत घेत नाही. आणि ‘व्हर्नाला भेटायला या’ असे तोंडाने म्हणणे अर्जदारास त्याच्या जडणघडणीमुळे शक्य नाही. न्यायालयाने मागील खेपेस केलेल्या शिक्षेबद्दल अर्जदार अत्यंत आभारी आहे. सबब, कोणताही नवा गुन्हा घडलेला नसताना व घडू न देता, सदर शिक्षेस पुढील हिवाळा संपेपर्यंत, व जमल्यास त्यानंतरही, मुदतवाढ द्यावी. आणि हा आदेश आजच, दुपारच्या आत व्हावा, कारण आज गुरुवार आहे, अर्जदार स्वतः गाडी चालवत आला आहे, आणि त्याला येथून बर्च लेकला न्यायला कुणीतरी लागेल, ही नम्र विनंती.”